दीड मिलिमीटरचा हिशेब

सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, क्लच पूर्ण दाबलेला आहे, तरी गाडी पुढे सरकायला बघते. ब्रेक दाबून धरावा लागतो. न्यूट्रल पाडायला जावं तर पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून परत पहिला. हिरवा दिवा काही लागत नाही. वैतागून इंजिन बंद केलं की तोच न्यूट्रल पायाच्या एका टिचकीत पडतो. गॅरेजमध्ये गाडी नेली की बहुतेक वेळा एकच निदान कानावर येतं: ‘प्लेटा गेल्या, बदलाव्या लागतील.’

प्लेटा गेलेल्या असूही शकतात. पण क्लच न सुटण्याच्या तक्रारीत प्लेटांचा नंबर बराच खाली लागतो. त्यांच्याआधी लिव्हर, केबल, ऍडजस्टर, ऑइल अशी चार-पाच स्वस्त आणि बाहेरूनच तपासता येणारी कारणं उभी असतात. ती ओलांडून थेट साइड कव्हर उघडलं की गॅस्केट, ऑइल, प्लेटा आणि मजुरी असा सगळा खर्च होतो, आणि मूळ दोष केबलमध्ये असेल तर पंधरा दिवसांत गाडी पुन्हा सिग्नलला ओढू लागते.

घसरणं वेगळं, न सुटणं वेगळं

क्लचचे मुख्य आजार दोन, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. क्लच घसरतो म्हणजे लिव्हर सोडलेली असतानाही प्लेटा एकमेकींना घट्ट धरत नाहीत. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र त्या मानाने पळत नाही. घाटात, मागे माणूस बसलेला असताना हे पहिल्यांदा जाणवतं. क्लच सुटत नाही म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा वेगळ्या होत नाहीत, आणि इंजिनाची ताकद थोडी थोडी मागच्या चाकाकडे जातच राहते. गॅरेजच्या भाषेत हा क्लच ‘पकडतो’ किंवा ‘चिकटतो’.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नुसत्या झिजलेल्या प्लेटांमुळे क्लच घसरतो; न सुटण्याशी झिजेचा सहसा संबंध नसतो. घासून पातळ झालेल्या प्लेटांना धरून राहणं जड जातं, वेगळं होणं नाही. म्हणून ‘न्यूट्रल पडत नाही’ या तक्रारीवर ‘प्लेटा झिजल्या’ हे उत्तर मिळालं, तर थोडं थांबून विचारायला हरकत नाही.

तिसरी एक शक्यता आधीच बाजूला काढलेली बरी. इंजिन बंद ठेवून गाडी थोडी पुढेमागे हलवत गिअर टाकून बघावेत. तेव्हाही ते अडखळत असतील तर दोष गिअरच्या आतल्या फोर्कमध्ये, ड्रममध्ये किंवा गिअर लिव्हरच्या जोडणीत असण्याची शक्यता जास्त. इंजिन बंद असताना सगळे गिअर गुपचूप पडतात आणि चालू असतानाच त्रास देतात, तर क्लचकडे बघायचं.

आणखी एक साधी तपासणी इंजिनाच्या आयडलिंगची. बहुतेक कम्युटर गाड्यांचं इंजिन गरम झाल्यावर मिनिटाला साधारण १३०० ते १५०० फेऱ्यांवर स्थिर राहायला हवं. सकाळी गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्क्रू पिळून ते २००० वर नेऊन ठेवलेलं असेल, तर धडधाकट क्लचही पकडल्यासारखा वाटतो आणि पहिला गिअर टाकताना ‘खाट्’ असा आवाज येतो.

आत काय असतं

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच अनेक प्लेटांचा आणि ऑइलमध्ये बुडालेला असतो. एका ॲल्युमिनियमच्या बास्केटमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या प्लेटांवर घर्षणाचं अस्तर चिकटवलेलं असतं. त्यांना बाहेरच्या कडेला दाते असतात, ते बास्केटच्या खाचांमध्ये बसतात आणि इंजिनाबरोबर फिरतात. दुसऱ्या साध्या पोलादी. त्यांचे दाते आतल्या कडेला असतात. ते मधल्या हबवर बसतात आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टबरोबर फिरतात. वरून प्रेशर प्लेट, आणि तिला दाबून धरणाऱ्या चार, पाच किंवा सहा स्प्रिंगा. स्प्रिंगांनी ही सगळी चवड आवळून धरली की दोन्ही प्रकारच्या प्लेटा एकजीव होऊन फिरतात आणि इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते.

म्हणजे क्लचची स्वाभाविक अवस्था धरून ठेवण्याची आहे. सोडवण्याचं काम आपल्याला हाताने करावं लागतं. लिव्हर ओढली की केबल सरकते, केबल इंजिनावरचा एक छोटा हात फिरवते, त्या हाताच्या आतल्या टोकाला असलेला कॅम, स्क्रू किंवा रॅक पुशरॉडला ढकलतो किंवा ओढतो, आणि प्रेशर प्लेट स्प्रिंगांच्या विरोधात थोडीशी उचलली जाते. ती किती उचलली जाते, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

हिशेब

समजा एका क्लचमध्ये पाच अस्तराच्या आणि चार पोलादी प्लेटा आहेत. वरची प्रेशर प्लेट आणि खालचा हब धरून एकमेकांना टेकणाऱ्या जागा झाल्या दहा. लिव्हर पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट साधारण दीड मिलिमीटर उचलली जाते असं धरू. ही मोकळी जागा दहा ठिकाणी सारखी वाटली गेली, तर प्रत्येक दोन प्लेटांमध्ये येते ०.१५ मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर क्लचचं सुटणं उभं असतं, आणि तीही ऑइलने भरलेली असते.

आता हाताकडून मोजू. लिव्हरचं टोक मुठीपर्यंत साधारण साठ मिलिमीटर येतं. लिव्हरच्या लांबीच्या प्रमाणात केबल त्यातली जेमतेम दहा मिलिमीटर सरकते. त्या दहाचे पुढे इंजिनाशी दीड होतात. वाटेत लिव्हरच्या टोकाशी नेहमीपेक्षा वीस मिलिमीटर जास्त ढिलेपणा साचला, तर साठातले वीस वाया गेले. केबलची सुमारे तीन मिलिमीटरची ओढ बुडाली, दीड मिलिमीटरचा एक झाला आणि दोन प्लेटांमधली फट ०.१५ वरून ०.१० वर आली. त्यातली एखादी पोलादी प्लेट उष्णतेने ०.२ मिलिमीटर वाकलेली असेल, तर ती दोन्ही बाजूंना टेकलीच. क्लच सुटला नाही.

प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतात, पण हिशेबाची पद्धत हीच. क्लच न सुटण्याच्या तक्रारीत शोधायचं असतं ते एवढंच: लिव्हरपासून प्लेटांपर्यंतच्या वाटेवर ओढ कुठे वाया जाते आहे? आणि शोध घ्यायचा तो हाताकडून आत, कारण बाहेरच्या भागांना हात लावायला खर्च नाही.

पहिला प्रश्न: केव्हापासून?

चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी विचारतो, हे केव्हापासून होतंय आणि त्याआधी काय झालं होतं. या प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं.

हळूहळू, महिनोन्‌महिने वाढत गेलं असेल तर केबल ताणलेली किंवा बास्केट झिजलेली. एका दिवसात झालं असेल तर केबलच्या तारा तुटायला लागल्या आहेत किंवा आत एखादा भाग मोडला आहे. गाडी पडली होती तर लिव्हर वाकलेली बघा. नवा हँडल, मोबाइलचा होल्डर किंवा हँडगार्ड बसवल्यापासून होत असेल तर केबलचा मार्ग बदलला आहे. गाडी पावसाळाभर झाकून ठेवली होती तर प्लेटा चिकटल्या आहेत. फक्त सकाळी पहिल्या गिअरलाच ओढत असेल आणि नंतर ठीक होत असेल, तर ऑइलचा थंडपणा. उलट शहरातल्या गर्दीत अर्ध्या तासाने सुरू होत असेल, तर उष्णतेने वाकलेल्या प्लेटांचा संशय. आणि नुकतंच क्लचचं काम करून आणल्यावर सुरू झालं असेल, तर त्या कामातच काहीतरी राहिलं आहे.

लिव्हर आणि केबल

तपासणी हाताखालीच सुरू करावी. लिव्हर मुठीला टेकेपर्यंत खरंच येते का? जाड फोमची मुठीवरची आवरणं, हँडगार्डचा पाइप, हिवाळ्यातले जाड हातमोजे यांनी शेवटचे आठ-दहा मिलिमीटर सहज खाल्ले जातात. दोन बोटांनी क्लच दाबायची सवय असेल तर उरलेली दोन बोटं लिव्हर आणि मुठीच्या मध्ये अडकतात आणि तिचा प्रवास तिथेच थांबतो. चारही बोटांनी दाबून त्रास नाहीसा झाला, तर गाडीत दोष नाही.

मग लिव्हर वरखाली हलवून बघावी. जिच्यावर ती फिरते तो बोल्ट किंवा त्यातलं बुश झिजून भोक लंबगोल झालं असेल, तर लिव्हर आधी त्या भोकात सरकते आणि मग केबल ओढायला लागते. बाजारात मिळणाऱ्या दिखाऊ लिव्हरचा त्रास वेगळा असतो. बोल्टपासून केबलच्या खोबणीपर्यंतचं अंतर मूळ लिव्हरपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने कमी असलं, तरी क्लच हाताला मऊ लागतो आणि केबल मात्र कमी ओढली जाते. मऊ लागतो म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि न्यूट्रल पडत नाही म्हणून हैराण.

आता मोकळी चाल, म्हणजे ‘प्ले’. लिव्हर ओढायला सुरुवात केली की स्प्रिंगांचा जोर लागण्याआधी ती थोडी सैल फिरायला हवी. बऱ्याच कम्युटर गाड्यांच्या पुस्तकात हा प्ले लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर दिलेला असतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या बुडाशी दोन-तीन मिलिमीटर असा मोजतात. आपल्या गाडीचं पुस्तक बघून पट्टीने मोजावा. प्ले जास्त झाला तर क्लच सुटत नाही. शून्यावर आणला तर तो घसरायला लागतो आणि पुशरॉड, बेअरिंग सतत दाबाखाली राहून लवकर खराब होतात. त्यामुळे ‘टाइट करून द्या’ ही सूचना घातक आहे. प्ले मापात आणून द्या, असं सांगायला हवं.

प्ले दोन ठिकाणी जुळवता येतो, एक लिव्हरजवळच्या गोल ऍडजस्टरवर आणि दुसरा केबलच्या खालच्या टोकाशी. क्रम असा: वरचा ऍडजस्टर जवळजवळ पूर्ण आत घालायचा, खालच्या नटांवर प्ले मापात आणायचा आणि शेवटी वरून किंचित फरक करायचा. वरचा ऍडजस्टर आधीच पूर्ण बाहेर आलेला असेल तर केबलचं आयुष्य संपत आलं असं समजावं. ऍडजस्टरला, त्याच्या लॉकनटला आणि लिव्हरच्या बुडाला एकेक चीर असते. केबल काढताना या तिन्ही चिरा एका रेषेत आणायच्या असतात, आणि काम झाल्यावर आठवणीने विस्कटून ठेवायच्या असतात. नाहीतर चालत्या गाडीत केबल त्या चिरेतून बाहेर येते.

केबलचं वरचं टोक जवळून बघण्यासारखं असतं. तारेच्या शेवटी धातूची एक छोटी निपल असते आणि ती लिव्हरच्या खोबणीत बसते. लिव्हर दाबताना ही निपल खोबणीत गोल फिरायला हवी. ती कोरडी पडून अडकली की फिरण्याचं काम तारेला करावं लागतं. प्रत्येक दाबाला तार निपलच्या अगदी तोंडाशी वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. मग तिच्या बारीक बारीक तारा एकेक करून तुटायला लागतात. तुटलेल्या टोकांचा झुपका बोटाला टोचतो, तो पहिला इशारा. उरलेल्या तारा जास्त ताणल्या जातात, प्ले आठवड्याला वाढतो, आपण ऍडजस्टर फिरवत राहतो, आणि एक दिवस घाटाच्या मध्यावर लिव्हर हातात लुळी पडते. झुपका दिसला की ऍडजस्टरला हात न लावता केबल बदलावी. निपलला ग्रीसचा एक थेंब वेळेवर मिळाला असता तर हे टळलं असतं.

केबलच्या बाहेरच्या आवरणाकडेही लक्ष हवं. आत पाणी जाऊन गंज धरला, टाकीखाली ती चेपली गेली किंवा हँडलच्या गळ्याशी तीव्र वळण आलं, की ओढीचा काही भाग तारेऐवजी आवरण वाकवण्यात खर्च होतो. त्याची चाचणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद; हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवत प्ले बघायचा. तो कमीजास्त होत असेल तर केबलचा मार्ग चुकला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर केबलमध्ये पातळ ऑइल सोडावं. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये मात्र घट्ट ग्रीस भरू नये. ते धूळ धरून ठेवतं आणि तार जड चालायला लागते.

इंजिनावरचा छोटा हात

केबलच्या खालच्या टोकाला इंजिनावर जो हात असतो, तो केबलशी साधारण काटकोनात असताना ओढीचा पुरेपूर उपयोग होतो. कव्हर उघडून बसवताना तो हात एक दाता पुढे किंवा मागे बसला, तर कोन बिघडतो. केबल पूर्ण ओढली जाते, हातही फिरतो, पण आत पुरेशी उचल होत नाही. कित्येक गाड्यांमध्ये या हातावर आणि कव्हरवर जुळवण्यासाठी खूण असते. कामानंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारीत ही खूण आधी बघावी.

पुशरॉडवाल्या काही गाड्यांमध्ये आत आणखी एक ऍडजस्टमेंट असते: मधला स्क्रू आणि त्याचा लॉकनट. स्क्रू हलका टेकेपर्यंत आत घ्यायचा आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, बहुधा पाव ते अर्धा फेरा, मागे आणून लॉक करायचा. इथला ढिलेपणा केबल ताणून भरून काढणं हा चुकीचा उपाय. त्याने हाताचा कोन बिघडतो. प्ले न ठेवता वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत पुशरॉडचं टोक तापून, घासून चपटं होतं, आणि रॉडची लांबी जेवढी घटते तेवढी उचलही घटते.

जुनी बुलेट, जुनी येझदी

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हे सगळं उघड दिसतं. कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये, जी २०१० च्या सुमारास बंद झाली, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असत. क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये, त्याला सोडवणारी यंत्रणा उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या कव्हरमध्ये, आणि दोघांना जोडणारा पुशरॉड गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जाणारा. चेनकेसचं ऑइल इंजिनापासून वेगळं, आणि ते जास्त भरलं तरी क्लच पकडायचा. रात्रभर उभ्या गाडीच्या प्लेटा ऑइलने एकमेकींना चिकटत, म्हणून इग्निशन बंद ठेवून, क्लच दाबून चार-दोन किका मारायच्या आणि मग गाडी सुरू करायची, ही बुलेटवाल्यांची रोजची रीत होती. चार गिअरच्या त्या गिअरबॉक्सला न्यूट्रल शोधण्यासाठी टाचेने दाबायचा वेगळा दांडाही होता. पहिला गिअर सोडून कुठल्याही गिअरमधून तो थेट न्यूट्रलवर आणायचा.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ ते १९९६ या काळात बाहेर पडलेल्या जावा आणि येझदी गाड्यांनी दुसरी वाट काढली होती. गिअरचा दांडा पायाने दाबला की तोच आतून क्लचही उचलायचा. हाताने लिव्हर न दाबताही गिअर बदलता यायचा. पण एकाच क्लचला हात आणि पाय अशा दोन्हीकडून उचल मिळणार असल्याने जुळणी नेमकी हवी असे, आणि ती जमणारा मेकॅनिक गावात एखादाच असे.

ऑइल

घरात धुतलेल्या स्टीलच्या ताटल्या ओल्याच एकावर एक ठेवल्या तर सकाळी त्या सुट्या करताना जोर लावावा लागतो. ऑइलमध्ये बुडालेल्या प्लेटांचं तसंच होतं. फट ०.१५ मिलिमीटरची, त्यात ऑइल, आणि थंडीत ऑइल घट्ट. त्यामुळे सकाळी पहिला गिअर टाकताना गाडीने हलका झटका दिला, किंवा मुख्य स्टँडवर गिअरमध्ये क्लच दाबूनही मागचं चाक हळू फिरत राहिलं, तर ते बहुधा स्वाभाविक आहे. बघायचं ते हे, की मागचा ब्रेक हलका दाबताच चाक थांबतं का. थांबलं आणि इंजिनाचा आवाज पडला नाही, तर क्लच सुटतो आहे. चाक थांबताना इंजिनही दबलं किंवा बंद पडलं, तर नाही. ही चाचणी घेताना हात किंवा पाय चाकाच्या, साखळीच्या जवळ नेऊ नये.

चार स्ट्रोक मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑइल पुरवलं जातं. म्हणूनच १९९८ मध्ये जपानी मोटार मानकांमध्ये मोटरसायकल ऑइलसाठी ‘जासो’ टी ९०३ हे मानक आलं. डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असेल तर ते ओल्या क्लचसाठी योग्य. ‘एमबी’ ऑइलचं घर्षण कमी असतं, ते स्कूटरसारख्या कोरड्या क्लचच्या गाड्यांना चालतं. कारचं निसरडं ऑइल मोटरसायकलमध्ये घातलं की क्लच घसरतो. न सुटण्याचा संबंध मात्र ऑइलच्या जाडीशी आहे. ज्या गाडीला कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलं आहे, तिच्यात ‘जाड ऑइलने इंजिन टिकतं’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं, तर थंड इंजिनात क्लच हमखास ओढतो. ठरलेल्या मापापेक्षा जास्त भरलेलं आणि काजळीने घट्ट झालेलं जुनं ऑइलही तेच करतं. तक्रार हलकी असेल तर कव्हर उघडण्याआधी योग्य जाडीचं ऑइल, योग्य मापात घालून बघावं.

महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी क्लच दाबून गिअरमध्ये ढकलली आणि हललीच नाही, तर प्लेटा चिकटल्या आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून ते चांगलं गरम होऊ द्यावं, मग बंद करावं. गिअर टाकून, क्लच दाबून धरून गाडी पुढेमागे झटके देत हलवावी. बहुतेक वेळा प्लेटा सुटतात. चालू इंजिनात जोराने गिअर घालून त्या सोडवायला जाऊ नये. गाडी झेप घेते.

कव्हर उघडल्यावर

एवढं करूनही क्लच सुटत नसेल, तर आत बघण्याची वेळ आली. ऑइल काढून साइड कव्हर उघडलं की स्प्रिंगांचे बोल्ट एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करायचे, म्हणजे प्रेशर प्लेट तिरकी होत नाही. प्लेटा ज्या क्रमाने निघतात त्या क्रमानेच कागदावर मांडून ठेवायच्या.

प्लेटांपेक्षा आधी बास्केट उजेडात धरावी. तिच्या उभ्या बोटांच्या कडेवरून नख फिरवलं की कळतं. अस्तराच्या प्लेटांचे दाते गिअर बदलताना, ॲक्सिलरेटर सोडताना, पिळताना त्या कडांवर हजारो वेळा आपटलेले असतात, आणि ॲल्युमिनियम मऊ असल्याने तिथे बारीक खोबण्या पडतात. एकेका प्लेटची एकेक खोबण, शिडीसारखी वर चढत गेलेली. स्प्रिंगांचा दाब निघाला तरी प्लेटचा दाता त्या खोबणीत अडकून बसतो, सरकत नाही, आणि क्लच सुटत नाही. नवीन प्लेटा टाकून हा दोष जात नाही; खोबण्या त्याच आणि तिथेच राहतात. खोबणी उथळ असेल तर बारीक कानशीने सगळ्या बोटांच्या कडा सारख्या सपाट करता येतात. ती खोल असेल तर घासून दात्याला जास्तच ढिलेपणा मिळतो आणि बास्केट खडखडायला लागते. मग ती बदलणंच योग्य.

पोलादी प्लेटा सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेजची पट्टी घालून बघाव्यात. किती वाकलेली प्लेट चालते याची मर्यादा गाडीप्रमाणे बदलते, पण ती बहुधा ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या घरात असते. निळसर डाग पडलेली प्लेट भरपूर तापून गेलेली असते. हे तापवणं हाफ क्लचचं काम आहे. चढावर ब्रेकऐवजी क्लच धरून गाडी तोलणं, वाहतुकीत तासभर अर्धा क्लच दाबून सरकत राहणं, यात प्लेटा सतत घासतात, तापतात आणि वाकतात.

नवीन प्लेटा घालताना तीन गोष्टी चुकतात. अस्तराच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्ये भिजवून न घालता कोरड्याच बसवल्या जातात. मग त्या सुरुवातीलाच धरतात आणि जळतातही. प्लेटांचा क्रम किंवा संख्या चुकते. काही गाड्यांत शेवटची प्लेट बास्केटच्या वेगळ्या, उथळ खाचेत बसवायची असते, ते लक्षात येत नाही. आणि स्प्रिंगांमध्ये एखादी जुनी, आखूड झालेली राहून जाते. मग प्रेशर प्लेट एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी उचलली जाते. मधलं बेअरिंग आणि पुशरॉडचं टोकही याच वेळी तपासून घ्यावं.

शेवटी हबचा मोठा नट. तो ढिला असेल, त्याचं लॉक वॉशर नीट मोडून बसवलेलं नसेल, तर अख्खा हब डगमगतो आणि प्लेटा समांतर राहत नाहीत. बास्केट ज्या बुशवर फिरते ते बुश ऑइलअभावी शाफ्टला धरलं गेलं असेल, तर प्लेटा पूर्ण वेगळ्या होऊनही ताकद त्या बुशमधून पलीकडे जाते. हा दोष क्वचित आढळतो, पण सगळं नवीन टाकूनही क्लच पकडतोच आहे अशा गाडीत तोच निघतो.

हायड्रॉलिक क्लच

काही महागड्या गाड्यांत केबलऐवजी द्रव असतो. तिथे ओढ खाणारा चोर म्हणजे हवा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला की लिव्हर स्पंजसारखी लागते आणि खालचा पिस्टन कमी सरकतो. उपाय म्हणजे हवा काढणं, आणि टाकीतली पातळी कमी झाली असेल तर गळती शोधणं. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच द्रव घालावा. काही गाड्यांना ब्रेक फ्लुइड लागतं, काहींना मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतली रबरी सीलं फुगून निकामी होतात.

वाटेत झालं तर

लांबच्या प्रवासाला निघणारे अनेकजण जुन्या क्लच केबलच्या सोबतच नवी केबल चिकटपट्टीने बांधून ठेवतात. जुनी तुटली तर फक्त दोन्ही टोकं बदलायची, टाकी काढण्याची गरज नाही. लडाखला जाणाऱ्यांची ही रीत आंबोली किंवा वरंध घाटालाही तितकीच उपयोगी आहे. केबल हाताशी नसेल आणि क्लच पकडत असेल, तर थांबण्याआधीच, गाडी हळू चालत असताना न्यूट्रल पाडून घ्यावा. उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत तो सहज पडतो. तेही जमलं नाही तर इंजिन बंद करून पाडावा. पकडणारा क्लच घेऊन गर्दीत, लोकांच्या मागे, गाडी गिअरमध्ये ठेवून उभं राहू नये.

गॅरेजमध्ये गाडी देताना ‘क्लच बघा’ एवढंच सांगितलं की प्लेटांचं बिल तयार होतं. त्याऐवजी असं सांगावं: प्ले मापात आहे, केबल मोकळी चालते, ऑइल योग्य जाडीचं आहे, इंजिन बंद असताना गिअर नीट पडतात, आणि त्रास फक्त इंजिन गरम झाल्यावर होतो. हे ऐकणारा मेकॅनिक कव्हर उघडल्यावर प्लेटांच्या आधी बास्केटवरून नख फिरवील, आणि तशी खोबण सापडली तर ती तुम्हालाही दाखवील.